मन्सूर तांडेलाचं फाटलेलं जाळं

माझ्या सासऱ्यांना मिरकरवाडा बंदरावर अजून सगळे मन्सूर तांडेल म्हणतात. बोट विकून सहा वर्षं झाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, गुडघे कुरकुरतात, तरी तांडेल ते तांडेलच. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. कुठे जायचं, जाळं कुठे टाकायचं, कधी परत फिरायचं ते तो ठरवतो आणि चुकलं तर दहा खलाशांच्या शिव्याही तोच खातो. अब्बांनी हे चाळीस वर्षं केलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात घरात पत्त्यांचा कॅट येऊ दिला नाही, तो अडुसष्टाव्या वर्षी मांडवीतल्या आमच्या पडवीत बसून माझ्याकडून पोकर शिकला. का शिकला ते सांगते. मध्येमध्ये माझा आवाज चढेल, तर चढू दे. माझी जीभ तिखट आहे हे मोहल्ल्यात कोणालाही विचारा.

माझा नवरा फुजैल जहाजावर फिटर आहे. नऊ महिने जहाज, तीन-चार महिने घर, असा आमचा संसार. दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला आणि फोनवर पोकर खेळायला लागला. तेव्हा पैसे लावून खेळायचे हे खेळ फोनवर राजरोस चालायचे, बंदी नंतर आली. खेळ तसा समजायला सोपा. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात. मध्ये पाच पानं उघडी पडत जातात. दोन्ही मिळून ज्याची पानं चांगली जमली त्याचा डाव. पण दर पानाला लावणं वाढवता येतं, आणि समोरचा घाबरून पानं टाकून गेला तर तुमच्याकडे काही नसलं तरी डाव तुमचाच. सगळी मेख तिथे आहे.

पहिले दोन महिने तो हरत-जिंकत होता. मग ऑक्टोबरात त्याला पानं यायला लागली. पाच आठवडे म्हणजे पाच आठवडे, जो डाव मांडेल त्यात याला एक्के, याला राजे. मला तर वाटायचं फोन बिघडलाय. आणि हा माणूस काय करायचा, तर जिंकलेल्या पानांचे फोटो काढून स्टेटसला टाकायचा. खेळताना समोरच्यांना आपली पानं उघडून दाखवायचा, वर काहीबाही लिहायचा. खाटेवर आडवा पडून मला हाक मारायचा, तूबा हे बघ, तूबा ते बघ. मी औषधांच्या दुकानात सकाळपासून उभी राहून घरी आलेली असायची. मी कपाळ बघू याचं?

एकदा जेवताना त्याने अब्बांना मोठ्या कौतुकाने समजावलं की टेबलावर आपली एक इमेज असते. समोरचे लोक चेहरा बघू शकत नाहीत, पण आपण कसे खेळतो, किती वेळा जिंकतो, काय दाखवतो यावरून ते मनात आपलं चित्र काढतात. त्याचं म्हणणं, आता सगळ्यांना त्याची धास्ती बसलीय, तो लावायला लागला की अर्धे लोक आधीच पळतात. अब्बा काटे काढत ऐकत होते. त्यांनी विचारलं, म्हणजे बंदरावर असते तशीच काय? फुजैल हसला. बंदराचा याच्याशी काय संबंध, असं त्याचं तोंड झालं होतं. अब्बांनी पुढचा काटा काढला.

मग जहाज कंपनीचा तिसरा फोन आला. आधीची दोन बोलावणी याने काहीतरी कारण काढून टाळली होती. यावेळी त्यांनी स्वच्छ सांगितलं, महिनाअखेरच्या सोमवारी दुपारपर्यंत हो म्हणा, बुधवारी मुंबईहून विमान आहे. नाही म्हणालात तर यादीतून नाव काढतो. एकदा यादीतून नाव गेलं की दुसऱ्या कंपनीत शून्यापासून सुरुवात. बारा वर्षांची नोकरी. त्या दिवशी दुपारी फुजैलने जेवताना जाहीर केलं की तो नाही म्हणणार आहे. आता दर्या बस झाला, यापुढे घरी राहून हाच धंदा करणार. माझ्या हातातली पळी कालवणात पडली. पडली कसली, मी टाकली.

बायका मला नंतर म्हणाल्या, नवरा घरी राहतोय तर हिला काय दुखतंय? मला काय दुखत होतं ते मला माहीत. मला तो घरी हवाच होता. लग्नाला सात वर्षं झाली आणि सगळी मिळून दोन वर्षं आम्ही एका छताखाली काढली असतील. पण हा जो घरी होता तो घरी नव्हता. मी बोलत असायची आणि याचं बोट काचेवर. आणि ही पानं यायची थांबली की पुढे काय, हा प्रश्न घरात कोणी विचारायचाच नाही. माझी सासू फातिमा नुसती म्हणाली, अल्ला अक्कल देवो, आणि ताट उचलून आत गेली.

अब्बांनी मात्र विचारलं. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत. ते म्हणाले, पानं चांगली येतायत म्हणून जिंकतोस, नाही यायची तेव्हा काय करशील? फुजैल उसळला. हे नशीब नाही, अक्कल आहे, तुम्हाला खेळ माहीत नाही म्हणून असं वाटतं. एक दिवस माझ्यासमोर बसा, म्हणजे कळेल.

अब्बा म्हणाले, "बसतो. पण मला तीन आठवडे दे. आणि तोवर कंपनीला नाही म्हणू नकोस."

फुजैलला आधी चेष्टा वाटली. मग त्याला मजा वाटली. तो म्हणाला, तुम्ही जिंकलात तर मी बुधवारी गपचूप जहाजावर जातो. अब्बांनी हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. शर्त नको, शर्त म्हणजे जुगारच झाला. पैसे नको, शर्त नको, फुकटच्या चिप्सवर, म्हणजे खेळातल्या खोट्या पैशांवर, दोघांनी खेळायचं आणि खेळ झाल्यावर तुझ्या अकलेने तू ठरव. झालं एवढंच बोलणं. तसं बघितलं तर आमच्या हातात काही नव्हतं. एका म्हाताऱ्याने तीन आठवड्यांत एक खेळ शिकायचा होता आणि त्यावर माझ्या नवऱ्याची नोकरी लटकत होती.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची नमाज झाली की अब्बा पडवीत येऊन बसायचे, आणि दुकानाच्या दुपारच्या सुट्टीत मी. खेळ मला फुजैलचा बघून बघून आला होता, पण आधी खरे पत्ते आणावे लागले. सासूने त्या कॅटकडे असं बघितलं की जणू घरात विंचू आणलाय. चिप्स म्हणून आम्ही तिच्या डब्यातले चिंचोके घेतले. ती म्हणाली, खेळा काय खेळायचं ते, पण मोजून परत ठेवा. आठवडाभराने मग माझा फोन घेतला. अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे मी शेजारी बसून सांगायची, हे बटण पानं टाकायचं, हे वाढवायचं. बदाम आणि चौकट दोन्ही लाल, त्यात त्यांचा एक डोळा कच्चा. सुरुवातीला ते दर पानाला विचारायचे, हे बदाम काय गो? मी चिडायची. ते चिडायचे नाहीत, पुन्हा विचारायचे. तिसऱ्या दिवशी ते फोन नाकाशी नेऊन स्वतःच ओळखायला लागले.

मला वाटलं होतं म्हातारा माणूस, चार दिवसांत कंटाळेल. छे! एक दिवस चुकवला नाही. फुकटच्या टेबलावर कुठले कुठले लोक यायचे आणि अब्बा त्यांच्याशी खेळायचे. खेळायचे म्हणजे काय, दहातली आठ पानं टाकून द्यायचे. मला चुळबुळ व्हायची, मी म्हणायची लावा ना काहीतरी. ते म्हणायचे, जाळं टाकायची घाई खलाशाला असते. रोज रात्री झोपताना ते मला त्या दिवशीचे तीन डाव परत सांगायला लावायचे, कोणी काय लावलं, कोणी काय दाखवलं. दाखवलं कशाला, यावर त्यांचा भारी जीव. जिंकल्यावर दाखवायची गरज नसताना माणूस पानं का दाखवतो, हे त्यांना समजून घ्यायचं होतं.

एका दुपारी त्यांनीच मग मला भागोजीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे, फुजैलला तर लहानपणापासून. पण अब्बांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

भागोजी हा दुसऱ्या बोटीवरचा तांडेल, अब्बांच्याच वयाचा. त्या वर्षी अब्बांच्या बोटीला जयगडच्या पुढे एका जागी अकरा दिवस सलग सुरमई मिळाली. असं नशीब तांडेलाच्या आयुष्यात एक-दोनदा येतं. आणि ते आलं की पहिलं काम म्हणजे ते कोणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या जागी चाळीस बोटी. संध्याकाळी वायरलेसवर सगळे एकमेकांना विचारतात, काय रे, म्हावरं आहे काय? अब्बा रोज एकच सांगायचे, जाळं फाटलंय, शिवत बसलोय. भरलेली बोट पाण्यात खोल बसते, बंदरावरची माणसं ते लांबून ओळखतात. म्हणून अब्बा भरतीला, इतर बोटींच्या गर्दीत घुसून आत यायचे. टोपल्यांमध्ये सुरमई खाली बर्फात आणि वरती तारली, म्हाकूल असलं स्वस्तातलं काहीतरी पसरलेलं. बघणारा चुकचुकायचा आणि पुढे जायचा.

भागोजी काही खुळा नव्हता. बाराव्या दिवशी त्याने ताडलं की मन्सूरचं जाळं फाटलं की समजायचं म्हावरं मिळालंय. अब्बांनाही कळलं की त्याला कळलं. मग तेराव्या दिवशी अब्बांनी वायरलेसवर पुन्हा तेच सांगितलं, जाळं फाटलंय, आणि बोट घातली उलट्या दिशेला, पूर्णगडच्या बाजूला, जिथे त्या दिवसांत काही म्हणजे काही नव्हतं. भागोजी मागोमाग. दोन दिवस तो तिथे रिकामं जाळं ओढत बसला आणि अब्बा रात्रीतून परत जयगडला. बंदरावर आल्यावर भागोजी तणतणत आमच्या दारात. मुसलमान होऊन खोटं बोलतोस, असं भर गल्लीत म्हणाला. अब्बा त्याला हाताला धरून बोटीवर घेऊन गेले आणि जाळं उलगडून दाखवलं. वीतभर फाटलेलं होतं.

अब्बा त्याला म्हणाले, "भागोजी, फाटलेलं नाही असं जाळं तू तरी बघितलंस काय?"

त्यावर भागोजीला हसू आवरेना. त्या दिवशी तो आमच्या घरी सुरमईचं कालवण जेवून गेला आणि मरेपर्यंत दर मोसमात एकदा जेवायला येत राहिला. गोष्ट संपल्यावर अब्बांनी फोन उचलला आणि मला म्हणाले, चल, लाव पुढचा डाव.

शेवटच्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर खेळ बसला. अब्बांनी फुजैलला सांगितलं, तू तुझ्या खोलीत बस, मी पडवीत, तोंड बघायचं नाही. दार लोटलेलं. मी अब्बांच्या शेजारी फोनजवळ. दोघांना सारख्या चिप्स, ज्याच्या संपल्या तो हरला. सासू आतबाहेर करत होती आणि आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवत होती. उद्या दुपारी बारा वाजता एकतर माझा नवरा जहाजावरचा माणूस असणार होता नाहीतर फोनमधला.

पहिला तास अब्बांनी पानं टाकण्यात घालवला. चिप्स झिजत चालल्या. मध्येच थोडं लावायचे, फुजैल पानं टाकायचा, आणि अॅप विचारायचं, पानं दाखवायची की लपवायची? तेव्हा अब्बा एकच पान दाखवायचे, लहानातलं लहान. एकदा त्यांच्याकडे एक्का आणि तिर्री होती. त्यांनी तिर्री दाखवली. आतून फुजैल हसून ओरडला, अब्बा, तिर्रीवर एवढे लावतात काय? अब्बांनी मला लिहायला सांगितलं. त्या लिहायच्या चौकटीला ते वायरलेस म्हणायचे. मी लिहिलं, बोट जाड झालंय, नीट दाबलं जात नाही. बोट खरंच जाड झालेलं होतं, चाळीस वर्षं दोर ओढल्यावर कोणाचं होत नाही?

आणि मग पानं यायला लागली. अब्बांना! मी अशी पानं तीन आठवड्यांत बघितली नव्हती. दोन एक्के आले. मी तोंडावर हात धरला. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सावकाश लावलं. मग वाढवलं. फुजैलला वाटलं असणार, म्हाताऱ्याचं बोट चुकलं. तो मागे लागला आणि त्याच्या दोन दश्श्या कमी पडल्या. अब्बांनी लिहायला सांगितलं, डोळ्याने नीट दिसत नाही. पुढे थोड्या वेळाने हातात दोन राण्या, आणि तिसरी मध्ये पडली. फुजैल पुन्हा मागे लागला. त्याला खात्री होती की हा माणूस तिर्री घेऊन लावणारा आहे. मग एकदा पाचही पानं बदामाची जमली. तेव्हाही तो आलाच. तीन डावांत एकूण चिप्सपैकी दोन तृतीयांशाहून जास्त अब्बांच्या पुढ्यात आणि त्याच्याकडे उरलेल्या.

आतला आवाज बंद झाला. जेवायला हाक मारली तर तो म्हणाला, भूक नाही. आता तो पळायला लागला. अब्बांनी मोठं लावलं की तो पानं टाकायचा, सलग सात-आठ वेळा. अब्बांनी लावलं म्हणजे पानं असणारच असं तो आता धरून चालला होता, हे माझ्या शेवटी लक्षात आलं, अब्बांच्या केव्हाच आलं होतं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, भागोजी हुशार झाला.

नंतरच्या डावात मी अब्बांची पानं बघितली. इस्पिक सत्ती आणि किलवर दुर्री. पोकरमध्ये याहून रद्दी पानं मिळत नाहीत, हे मीच त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मला वाटलं टाकणार. त्यांनी लावलं. मध्ये राजा, नव्वी आणि चव्वी पडली, आमच्या कामाचं काही नाही. फुजैलने लावलं, म्हणजे त्याला काहीतरी लागलं होतं. अब्बा त्याच्याबरोबर गेले. चौथं पान पंजी. फुजैलने पुन्हा लावलं, यावेळी भरपूर, आणि अब्बा पुन्हा गेले. मी त्यांचा सदरा ओढला. त्यांनी माझा हात बाजूला केला. पाचवं पान एक्का पडला. फुजैल थांबला. आणि अब्बांनी, माझ्या डोळ्यांदेखत, त्या सत्ती-दुर्रीवर पुढ्यातलं सगळं लावलं.

स्क्रीनवर फुजैलची वेळ संपत चालली होती. मला आतून त्याच्या खाटेची कुरकुर ऐकू येत होती. त्याने आलो म्हटलं असतं तर गेम उलटला असता, जास्त चिप्स पुन्हा त्याच्या बाजूला. अब्बा समोरच्या माडाकडे बघत होते, तोंडावरची रेषही हलत नव्हती. शेवटच्या सेकंदाला फुजैलने पानं टाकली. राजा होता त्याच्याकडे, त्याने तो रागाने उघडून दाखवला. एक्क्याला घाबरला होता. अॅपने अब्बांना विचारलं, दाखवायचं की लपवायचं? त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी एकही पान दाखवलं नाही.

त्यानंतर फुजैलकडे उरलं होतं ते त्याने दोन डावांत भिरकावलं. शेवटी त्याच्या दोन पंज्या आणि अब्बांचे दोन गुलाम. झालं.

तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं. खांबाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "अब्बा, हे काही खरं नाही. पानं येत होती तुम्हाला. नुसतं नशीब होतं."

अब्बांनी फोन माझ्या हातात दिला. "आणि तुला पाच आठवडे काय येत होतं?"

फुजैल खांबावर नखाने रेघ ओढत राहिला. त्याला सांगायचं होतं की त्याचं वेगळं होतं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नशीब आलं की ते लोकांपासून लपवायचं असतं रे," अब्बा म्हणाले. "तू तर ते स्वतःपासूनच लपवलंस." एवढं बोलून ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि नमाजासाठी वजू करायला गेले.

त्या संध्याकाळी फुजैल एकटाच मांडवीच्या जेटीवर जाऊन बसला. मी गेले नाही. माझी जीभ मी त्या दिवशी दातांत धरून ठेवली, तेवढं श्रेय मला द्या. सोमवारी साडेदहाला त्याने कंपनीला हो कळवलं आणि मला विचारलं, निळा शर्ट इस्त्री केलाय काय? मंगळवारी आम्ही त्याला हातखंब्याला मुंबईच्या बसमध्ये बसवलं. बस हलली आणि मी रस्त्यावर उभी राहून रडले. तीन आठवडे ज्यासाठी जीव काढला ते झालं होतं, आणि आता नऊ महिने पलंगाची एक बाजू पुन्हा रिकामी. सासूने मला रिक्षात बसवलं आणि घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

ती सत्ती आणि दुर्री मात्र माझ्या पोटात राहिली. अब्बा खोटं बोलले नव्हते. फुजैल म्हणाला नशीब होतं, आणि त्यांनी उलट प्रश्न विचारला, हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पण त्या एका डावात नशीब आमच्याकडे नव्हतं, फुजैलकडे होतं. ते मला माहीत आणि अब्बांना माहीत. मी एकदा त्यांना विचारलं, सांगू काय त्याला? ते म्हणाले, आत्ता सांगितलंस तर तो म्हणेल, बघा, अक्कलच लागते. मग बुधवारचं विमान चुकेल. विमान तर सुटून गेलं होतं, पण मला मुद्दा कळला. मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसणं किती जड जातं हे तुम्हाला काय सांगू?

जानेवारीत फुजैलचं जहाज एका बंदराला लागलं आणि त्याला चांगलं नेट मिळालं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने लिहिलं की इंजिनरूममध्ये पाइपखाली पडल्या पडल्या त्याला रोज तो डाव आठवतो. खेळ त्याने फोनवरून केव्हाच काढून टाकलाय, पण तो डाव काही निघत नाही. मग त्याने लिहिलं, "खरं सांग. त्या एक्क्याच्या डावात अब्बांकडे काय होतं?"

अब्बा पडवीत बसून शेजारच्या कोणाचं तरी जाळं शिवत होते. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला.

"सांग त्याला, जाळं फाटलं होतं."

मी तेच लिहिलं. एक अक्षर जास्त नाही. त्याने वाचलं. मला वाटलं आता चिडणार. सासूसुद्धा हातातलं काम टाकून माझ्या खांद्यावरून बघायला आली.

मग त्याचं उत्तर आलं, "म्हणजे मी सत्ती-दुर्रीला भिऊन जहाजावर आलो?"

पानं याला कशी कळली? पोकरमधली सगळ्यात रद्दी पानं ती, त्याने अंदाज केला असणार. मी लिहिलं, होय. तो काहीतरी लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. शेवटी आलं ते मी मोठ्याने वाचलं, "अब्बांना सांग, ऑगस्टात बोटी सुटल्या की भागोजी घरी सुरमई जेवायला येतोय."

अब्बा हसले नाहीत. त्यांनी सुई खाली ठेवली, चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. मीच सकाळी पुसून दिला होता.